लाख लावून सील केलेली पासवर्डची वही

पोलीस खात्यात मी वेडेपणा पुष्कळ केला, पण एक शंभरपानी वही लाख लावून मुद्देमालात जमा केली, त्याला तोड नाही. अजून आठवलं की एकटीच हसते आणि नात विचारते, "आजी, काय झालं?"

तेव्हा मी अकोल्यात होते. खात्यांतर्गत परीक्षा देऊन नुकतीच उपनिरीक्षक झालेली. खांद्यावर दोन तारे आणि डोक्यात हवा. त्या वर्षांत कपाशीवर कुणाचा भरवसा उरला नव्हता. घरोघरची पोरं-पोरी मिळेल त्या जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरत. फोटो मोठा झाला तर साइट घेत नसे, सही लहान झाली तर घेत नसे, आणि दोन्ही घेतलं की लोडशेडिंग.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बसस्टँडजवळचा नेट कॅफेवाला म्हणे पोरींचे पासवर्ड वहीत लिहून ठेवतो. (फोन शेजारच्या कॅफेवाल्याचा होता, हे नंतर कळलं.) तासाभरात एक मुलगी तक्रार घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दहाला अमरावतीला तिची परीक्षा. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच. हॉलतिकीट निघत नव्हतं. साइट सांगे, पासवर्ड चुकीचा. फॉर्म भरला होता त्याच कॅफेत, आणि तो चार दिवस बंद.

"त्यानं माहा फॉर्म दुसऱ्या कोनाले देल्ला, मॅडम," ती म्हणाली. रडत नव्हती, संतापली होती.

झालं! माझ्या मते गुन्हा उघडकीस आलाच होता. कॅफेवाला बहिणीचं लग्न उरकून दुपारी बुऱ्हाणपूरहून परतला. शटर वर गेलं तशी आम्ही वही ताब्यात घेतली आणि त्याला ठाण्यात आणलं. मी वही चाळलीसुद्धा नाही. कापडात गुंडाळली, पंचांच्या सह्या घेतल्या, लाख लावली.

मग चौकशी.

"पोरींचे पासवर्ड कशाला लिहून ठेवता?"

"पोरायचेबी हायेत, मॅडमजी. लोकायजवळ ईमेलच नसते, मीच काढून देतो. हॉलतिकिटाले येतात तं कोनालेच याद नाई राहत. म्हणून लिहाले लागलो."

"हिचा पासवर्ड सांगा."

"दोनशे लोकायचे पासवर्ड ध्यानात राहिले असते तं वही कायले केली असती? वही द्या, पाच मिनिटात तिकीट काढून देतो."

मी आमच्या जमादारांकडे पाहिलं. जुना माणूस. शांतपणे म्हणाले, "मॅडम, वही आपुन सील केली."

मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. साडेचार वाजले होते.

पुन्हा तेच दोन पंच बोलावले, एक चहावाला आणि एक पंक्चरवाला. सील फोडलं. तरी माझा तोरा कायम. "पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचा आणि शब्दशः लिहून घ्या," मी जमादारांना बजावलं. तिसऱ्याच ओळीला ते अडखळले. मी म्हटलं, "वाचा!" त्यांनी वाचलं. माझं नाव होतं. पुढे पासवर्ड: माझं माहेरचं लाडाचं नाव आणि एक-दोन-तीन.

माझ्या खात्याच्या परीक्षेचा फॉर्म यजमानांनी भरला होता. म्हणजे घरी येऊन "मीच भरला" असं त्यांनी सांगितलं होतं. चहावाला छताकडे बघू लागला.

दोन वर्षं माझा पासवर्ड या माणसाजवळ होता आणि काही बिघडलं नव्हतं. याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? मी विचारलं, "आधी का नाही बोललात?"

"चार लोकायत कसं सांगू, मॅडमजी?"

ठाण्याच्या संगणकावर त्यानं खरंच पाच मिनिटांत हॉलतिकीट काढून दिलं. मुलीनं ते दोनदा वाचलं. "फोटो माहाच हाय," म्हणाली आणि तेव्हा कुठे रडली. तक्रार मागे घेतल्याची नोंद स्टेशन डायरीत झाली. दुसऱ्या दिवशी तिनं केंद्राबाहेरच्या बूथवरून फोन करून सांगितलं, "मॅडम, आत सोडून राहिले." तिला आत घेत होते; माझा जीव भांड्यात पडला.

साइटची कॉलर धरता येत नाही, म्हणून वैतागलेलं माणूस जवळच्या माणसाची धरतं. ती मुलगी निदान वैतागली तरी होती. मी कशाच्या जोरावर धरली? खांद्यावरच्या दोन ताऱ्यांच्या. त्यानंतर कुठलाही पुरावा मी आधी वाचला, मग सील केला.

त्या संध्याकाळी वही परत दिल्याच्या पावतीवर सही करून कॅफेवाला दारापर्यंत गेला, वळला आणि हळूच म्हणाला, "मॅडमजी, तेवढा पासवर्ड बदलून टाका. वहीत होता तवरी मले एकट्यालेच मालूम होता, आता पंचनाम्यात हाय."