पाच गावांना एकच मेल

जंगल खात्याच्या एका लहानशा कार्यालयात मी कॉम्प्युटर चालवायचो. नोकरी कंत्राटी. सिंदेवाहीहून सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळी पाचच्या बसने परत यायचं. कुठे वाघ दिसला की साहेब मजकूर सांगत, मी टाइप करी आणि आसपासच्या ग्रामपंचायतींना एकच मेल जाई. व्हॉट्सअॅपचा ग्रुपही होता, पण त्यात गुड मॉर्निंगची फुलंच जास्त. शिवाय साहेबांना फायलीला लावायला कागद हवा असे.

गावात पुढचं काम ठरलेलं होतं. पंचायतीतला ऑपरेटर मेलची प्रिंट काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवी. कोतवाल संध्याकाळी ती काढून घेई, डफडं वाजवत गावभर दवंडी देई आणि घरी गेल्यावर कागद चुलीत घाली. मला या पद्धतीचं कौतुक वाटायचं, कारण आमच्या कार्यालयात एकदा आलेला कागद कधी संपतच नाही.

पंचायतींचे सरकारी मेल कोणी उघडत नसे, म्हणून ऑपरेटर आपापला खासगी पत्ता देत. मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. मी प्रत्येक पत्ता गावाच्या नावानं साठवून ठेवला होता. शोधायच्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की गाव हजर! माझ्या या हुशारीवर मी स्वतःच खूश होतो.

मोहफुलांचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात आणि उशीर झाला की जनावरं खाऊन टाकतात, म्हणून बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. त्या दिवशी दुपारी तीनला वनरक्षकाचा फोन आला. पिल्लं असलेली वाघीण नेमकी मोहाच्या झाडांकडे सरकली होती. साहेब म्हणाले, “पाचही गावांना टाका. चार वाजता मला चंद्रपूरला कळवायचंय, त्याआधी प्रिंट द्या.”

चार गावं पटापट सापडली. पाचवं गावही सापडलं, पण तो पत्ता तिथल्या जुन्या ऑपरेटर मुलीचा होता. ती लग्न होऊन वरोऱ्याला गेली होती. जाण्याआधी तिनं स्वतः फोन करून सांगितलं होतं, “सर, माझा मेल काढून टाकजा, आता दुसरे येनार आहेत.” मी हो हो म्हणालो होतो. तिच्या जागी आलेला माणूस दोन गावं सांभाळायचा आणि त्याचा पत्ता मी कधी मागून घेतलाच नव्हता. त्याला फोन लावला तर रेंज नाही. आतून साहेबांचा आवाज आला, “झालं का?” मी जुन्या पत्त्यावर खूण केली आणि मेल पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत फोन लागेलच, तेव्हा सांगू, असं ठरवलं. प्रिंटवर पाच गावांची नावं ओळीनं आली. साहेबांनी सही केली.

पाचची बस आली, मी चढलो. फोन करायचा राहून गेला. याला दुसरं काहीही कारण नाही. मी खूप शोधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावची एक बाई मोहाच्या झाडाखाली वाघिणीला सापडली. पंचनामा लिहायला मला साहेबांबरोबर जावं लागलं. तिची टोपली अर्धी भरली होती. बाकीचं मी लिहिणार नाही.

पंचायतीसमोर सगळं गाव जमलं होतं. “आमाले सांगतलं काऊन नाई?” म्हणून लोक साहेबांच्या अंगावर धावून येत होते. साहेबांनी फायलीतली प्रिंट काढून दाखवली. गावाचं नाव पाचवं होतं. नवा ऑपरेटर घाबरला आणि एका दमात म्हणाला, “मेल आला असन तं मी प्रिंट लटकवलीच असन. रोज लटकवतो.” मग सगळे कोतवालाकडे वळले.

कोतवाल साठीच्या आसपासचा, वाळका माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो म्हणाला, “खिळ्याले कागद नव्हता जी. असता तं मी दवंडी देल्ली नसती का?” मागून कोणीतरी ओरडलं, “पेऊन पडला असन!” तो दारूला शिवत नाही हे गावाला माहीत होतं, पण त्या दिवशी कोणी तसं बोललं नाही. मी साहेबांच्या शेजारी पेन धरून उभा होतो. मेल इथे आलाच नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मला नोकरीची भीती वाटली आणि मी गप्प राहिलो. ते भित्रेपण आठवलं की आजही मला माझी किळस येते.

त्याच संध्याकाळी मी वरोऱ्याच्या मुलीचा पत्ता काढून टाकला. ते मात्र विसरलो नाही.

पुढे कोतवालाला नोटीस मिळाली. डफडं दुसऱ्याकडे गेलं. तो बोअरिंगवर आला की बायका हंडे भरायचं सोडून बाजूला होतात, असं बसमध्ये कानावर यायचं. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

पावसाळा सरत आला, धानाला लोंब्या धरल्या, तेव्हा तो कार्यालयात आला. साहेब दौऱ्यावर होते. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“बाबू, मी लय इचार केला. कागद होता. मले आता आठवून राह्यलं. मी खिशात टाकला अन् घरी जाऊन तसाच चुलीत घातला असन.”

“भाऊ, तसं नसेल झालं.”

“तसंच झालं. सारं गाव म्हणते, मंग मी एकटाच खरा कसा? तुमी तं बराबर धाडला होता. त्या बाईच्या पोरीच्या पाया पडून आलो मी आत्ताच.”

त्याला कबुली लिहून द्यायची होती. वाचता येई, पण लिहिणं सहीपुरतंच. टायपिंगच्या एका दुकानदारानं नकार दिला होता, म्हणून तो माझ्याकडे आला होता. तो उभ्या उभ्या सांगत गेला आणि मी टाइप करत गेलो. सूचना मिळूनही माझ्या चुकीमुळे दवंडी देण्यात आली नाही. मी प्रिंट काढली. त्यानं सावकाश सही केली, कागद माझ्याच हातात दिला आणि हात जोडून म्हणाला, “लय उपकार झाले बाबू.”