उवा नव्हत्या

माझ्या मुलीच्या डोक्यात उवा नव्हत्या. तिचे केस कापायच्या आधीच मला हे कळलं होतं. तरी उवा होत्या असं मी तिला सांगितलं, आणि तिच्या आईलाही. पुढचे जवळजवळ चार आठवडे मी ते खोटं सांभाळत घाबरून जगलो.

माझी बायको केनियाची, नर्स आहे. मी पुण्याचा, आयटीतला. आम्ही दोघांच्याही देशांबाहेर, पॉइंट कुकला राहतो. मुलगी नऊ वर्षांची, आईला ती मामा म्हणते. तिचे केस आईसारखे, घट्ट कुरळे. वाळले की आखडून कानाशी येतात आणि एक बट ओढून धरली तर खांद्याच्या खाली जाते. परकी माणसं आखडलेले केस बघतात, ती मात्र ओढलेली बट धरून लांबी सांगायची.

बायकोच्या शाळेत मुलींना केस वाढवायची परवानगी नव्हती. दर थोड्या दिवसांनी डोकं भादरून घ्यावं लागे. आपल्या मुलीच्या केसांना कात्री लावायची नाही, हे तिने बाळंतपणातच ठरवलं होतं. दर रविवारी ती मुलीला पुढ्यात घेऊन बसे. धुणं, विंचरणं, वेण्या घालणं, चार तास सहज जात. माझ्या एका जुन्या टी-शर्टच्या पाठीवर तिने मार्करने आडव्या रेघा मारल्या होत्या. दर तीन महिन्यांनी मुलगी तो घालून उभी राही आणि बट ओढून कुठल्या रेघेपर्यंत पोचली ते बघितलं जाई. चौथ्या रेघेला पोचली तेव्हा घरात केक आणला होता.

एकदा बायको म्हणाली होती की वॉर्डात लांब वेण्या घालून गेले की पेशंट मला सिस्टर म्हणतात, आखूड केसांनी गेले की जेवणाचा ट्रे उचलायला सांगतात. लोक मूर्ख असतात, असं म्हणून मी चहा करायला उठलो होतो.

ऑगस्टमध्ये बायकोची आई नैरोबीत घरात पडली आणि बायको दोन दिवसांत तिकडे गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने मुलीच्या जुन्या वेण्या सोडल्या होत्या, नव्या घालायला वेळ मिळाला नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावून गेली. केस आधी ओले करायचे, भरपूर कंडिशनर लावायचं, रुंद दातांचा कंगवा घ्यायचा आणि टोकापासून वर यायचं. कोरडे कधीही विंचरायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी शाळेतून पत्र आलं, वर्गात उवा झाल्या आहेत, पालकांनी तपासावं. माझ्या डोक्यातून चिठ्ठी निघून गेली आणि लहानपणचं घर आलं. उवा म्हटलं की खोबरेल आणि फणी. आई बहिणीला गुडघ्यात दाबून बसायची आणि मुळापासून खसाखसा फणी ओढायची. तशीच एक फणी आईने मागच्या खेपेला पुण्याहून आणून ठेवली होती. घरात मुलगी आहे, लागेल, म्हणाली होती.

मी कोरड्या केसांना तेल चोपडलं आणि मुळाशी फणी घातली. ती दोन बोटं सरकली आणि अडकली. ओढली तशी मुलगी किंचाळली, फणीचे दात तुटले, केसांचा गोळा झाला. पांढरं काही दिसलं म्हणून मी ते नखावर घेऊन दाबलं. ज्यांच्या घरी फणी होती त्यांना माहीत असतं, लीख चिरडली की बारीक टच् असा आवाज येतो. तसा आवाज आला नाही. ते सुकलेलं कंडिशनर होतं. दुसरंही बघितलं. तेही तेच.

तेव्हा थांबायला हवं होतं. पण फणी निघेना, ती रडत होती, आणि बायकोला काय सांगायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी कात्रीने गोळा कापला. एक बाजू उघडी पडली. ती सारखी करायला दुसरी कापली. शेवटी दाढीचा ट्रिमर फिरवला. आरशात बघून ती रडायची थांबली, त्याची मला जास्त भीती वाटली. तिने विचारलं, "का?"

"उवा होत्या," मी म्हणालो. "खूप होत्या."

तो टी-शर्ट मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे कोंबला.

बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, उवा, तिच्या केसांत? तिच्या माहितीत एवढ्या घट्ट केसांत त्या सहसा होत नव्हत्या. मी खूप होत्या म्हणून पुन्हा सांगितलं. त्यानंतर तिचा फोन वाजला की मी लगेच उचलत नसे. मुलगी व्हिडिओवर हुडी घालूनच येई. हुडी ती शाळेतही काढत नव्हती.

तिने शाळेत प्रामाणिकपणे सांगून टाकलं की मला उवा होत्या. तिच्या मैत्रिणीच्या घरी झोपायला जायचं ठरलं होतं, ते मैत्रिणीच्या आईने गोड मेसेज करून पुढे ढकललं. दुकानांत वेगळंच सुरू झालं. लांब वेण्या असताना अनोळखी बायका थांबून तिला कित्ती गोड म्हणायच्या. आता एका दुकानात सिक्युरिटीवाला आमच्या मागे दोन रांगा चालत आला आणि तिला म्हणाला, खिसे दाखव, मुला. मी पुढे झालो तेव्हा त्याने आधी विचारलं, हा तुमच्याबरोबर आहे का. मी नुसतं हो म्हणालो. ती मुलगी आहे, हेसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही. त्या माणसालाही मी घाबरलो होतो.

मग गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम आली. आमच्या भागातली मराठी मंडळी दर वर्षी हॉल घेतात. मुलींचा नाच होता, नऊवारी, खोपा, गजरा. बसवणाऱ्या काकू प्रेमळ बाई. सगळ्या मुलींना खोपे लावून बघत होत्या, हिच्या डोक्यावर पिन धरेना. मी मागे चहाचे कप लावत होतो, तिथून ऐकलं.

"अगं, तू मुलांच्या रांगेत ये. फेटा बांधू तुला. ओळखूसुद्धा येणार नाहीस, बघ."

तिच्या शाळेतला एक मुलगा म्हणाला, आम्हाला नको, उवा येतील. दोघे-तिघे हसले. काकूंनी त्याला दटावलं. मी कप लावत राहिलो. मान वर करून बघितलं तेव्हा ती तिथे नव्हती.

टॉयलेटमध्ये नव्हती. गाडीपाशी नव्हती. हॉलच्या मागे तळं आहे, उंच लव्हाळ्यांचं, त्यावर लाकडी पूल. मी पुलावर धावत गेलो आणि पाण्यात बघत होतो. मला पोहता येत नाही. तिच्या नावाने हाका मारत होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, तिला काही झालं तर ती ते खोटं खरं समजूनच जाईल. काकू आणि आणखी दोघं रस्त्याच्या बाजूला गेले. वीस मिनिटं झाली असतील. मला तेव्हा वेळ कळत नव्हता.

पलीकडच्या प्ले-ग्राउंडवर बंद नळीची घसरगुंडी आहे. तिच्या खालच्या तोंडातून फेट्याचं भगवं टोक बाहेर आलेलं दिसलं. मी वाकून बघितलं. ती आत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, फेटा डोक्यावरून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला. मी हात आत घातला तशी ती वर सरकली.

"बाबा, जवळ नको येऊ," ती म्हणाली. "तुला पण होतील."

मी तिथेच खाली बसलो. भीती गेली नव्हती, पण आता ती तळ्याची नव्हती.

"उवा नव्हत्या," मी म्हणालो.

तिने फेटा थोडा वर केला. मी तिला सगळं सांगितलं. फणी चुकीची होती, कोरड्या केसांत घातली, गुंता मी केला. ते पांढरं कंडिशनर होतं आणि मला तेव्हाच कळलं होतं. मामाला काय सांगू या भीतीने कापले आणि दोष तुझ्यावर टाकला. तिने विचारलं, "मी घाण नव्हते?"

"नाही. कधीच नव्हतीस."

"मामाला सांग," ती म्हणाली. "आत्ता. स्पीकरवर."

आमचे चार वाजले होते, नैरोबीत सकाळचे नऊ. मामाने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी फोन घसरगुंडीच्या तोंडाशी धरला, दोघींना ऐकू जाईल असा. गुडघ्याखाली रबराची ओली जमीन होती. मी सावकाश बोललो. तिच्या केसांत काही नव्हतं, मी म्हणालो. तू नऊ वर्षं वाढवलेले केस मी घाबरून कापले आणि तुम्हा दोघींशी खोटं बोललो. दुकानात तिला मुलगा म्हटलं तेव्हा मी गप्प बसलो, आत्ता हॉलमध्येही गप्प बसलो. टी-शर्ट गॅरेजमध्ये लपवलाय, तो मी आज काढतो. हॉलमध्ये जाऊन सगळ्यांसमोर सांगतो की उवा नव्हत्या. मला माफ करा. तू कर, आणि बाळा, तूही कर, जमेल तेव्हा.