पाणपोईवरचा दुसरा पेला

कूलरच्या नव्या वाळ्यावर पाणी पडलं, घरभर तो वास सुटला, आणि मी पन्नास वर्षांपूर्वीच्या, जरीपटका वस्तीतल्या पाणपोईवर जाऊन पोचले.

शुभवर्तमान सांगायला आम्ही बायका नेहमी दोघी-दोघी जायचो. माझ्या जोडीच्या एस्तरबाईंना माती देऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. एकटी जाऊ नको, असं चर्चच्या मंडळीत सगळे म्हणाले, पण मी हट्टानं निघाले. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाळ्याच्या तट्ट्यांआड पाणी देणारी बाई तेवढी बसलेली. तिच्यासमोर बसून मी प्रभूचं सांगू लागले. मरण म्हणजे शेवट नव्हे, त्यानं मरणाला जिंकलंय, असं बरंच काही. ती ऐकत होती, पण मधूनमधून माझ्या डाव्या खांद्यामागे बघत होती.

मग तिनं रांजणातून दोन पेले भरले आणि दोन्ही माझ्यापुढे धरले.

"एक त्या बाईले द्या नं वं. कवाच्या उन्हात उभ्या आहेत. बसा म्हटलं तं नुसत्या हसून राहिल्या."

मी मागे वळून पाहिलंच नाही. वाटायला आणलेल्या पुस्तिका तिथेच टाकल्या आणि थेट घर गाठलं.

जे मी अर्धा तास सांगत होते, ते त्या पाणी देणाऱ्या बाईनं किती सहज मानलं होतं! पळाले ती मीच.

एस्तरबाईंना ऊन सोसत नसे. पेला तरी त्यांच्या हातात द्यायला हवा होता.