बारा फरश्यांची कविता

लेक खरंच जेवते आहे की नुसतं ताटातलं चिवडते आहे, हे आई गेले चार दिवस चोरून बघत होती. ताट घासायला घ्यायच्या आधी त्यात काय उरलंय ते बघायचं, खोलीच्या दाराशी उगाच घुटमळायचं, ती अंघोळीला गेली की किती वेळ झाला ते मनातल्या मनात मोजायचं. लेक सहा वर्षांची असताना, तापातून उठल्यावर, आईने हे सगळं केलं होतं. आता ती बेचाळीसची होती, सातवीला भाषा शिकवत होती, आणि आईच्या जिवाला पुन्हा तोच घोर लागला होता. विचारलं की एकच उत्तर यायचं, वह्या तपासायच्यात. वह्यांचा गठ्ठा मात्र टेबलावर जसाच्या तसा होता. उघडली जायची ती एकच वही.

शाळेत तिला पेन्सिलबाई म्हणत. बाकीचे शिक्षक लाल पेनाने तपासायचे, ही पेन्सिलने, तेही समासात, बारीक अक्षरात. मुलांनी लिहिलेल्या ओळींवर लाल रेघ ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं तिचं म्हणणं. मुलाला शेरा पटला नाही तर त्याने तो खुशाल खोडावा. मुलं खोडायचीसुद्धा, आणि वर तिला दाखवायला आणायची.

कविता शिकवण्याची तिची तऱ्हाच निराळी होती. कवीला काय म्हणायचंय, हा प्रश्न तिच्या वर्गात बंद. ते कवीला विचारा, माझ्याकडे त्याचा पत्ता नाही, म्हणायची. ती विचारायची, काय दिसतंय, काय ऐकू येतंय, कोण बोलतंय. पालकसभेत एका वडिलांनी वैतागून विचारलं होतं, परीक्षेत नेमकं लिहायचं काय? ती म्हणाली, जे दिसलं ते. आणि काहीच दिसलं नाही तर? तर आधी चष्मा करून घ्या, म्हणाली. सगळे हसले, ते वडीलही हसले, आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे तक्रार करून आले.

तिच्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर दोन ओळी असायच्या. साफसफाईच्या मावशीसुद्धा त्या पुसत नसत. पहिली, कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे. दुसरी, कवितेबाहेर जायचं नाही. हे नियम तिने हौस म्हणून केले नव्हते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका मुलाने बापाच्या दारूवर चार ओळी लिहिल्या होत्या, आणि वर्गाने वर्षभर त्याला 'बाटली' म्हणून हाक मारली. तेव्हापासून मुलांना आडोसा हवा म्हणून हे नियम. वर्षातून एकदा मुलं स्वतःच्या कविता लिहीत, ती त्यातली एक नाव न सांगता वाचून दाखवी आणि वर्ग ती उलगडून बघे. आईने हे सगळं शेजारीपाजारी इतक्यांदा सांगितलं होतं की शेजारीण म्हणायची, आता तुम्हीच जा तास घ्यायला.

रविवारी सकाळी आई चहा घेऊन खोलीत गेली तर लेक खोडरबराने त्याच वहीतलं एक पान घासत होती. टेबलभर रबराचा चुरा. एका जागी कागद इतका झिजला होता की खालच्या पानाच्या ओळी वर दिसायला लागल्या होत्या.

"काय खोडतेस?"

"माझंच आहे. मीच लिहिलेलं."

आईने कप ठेवला आणि वही ओढून घेतली. लेकीने धरून ठेवली नाही. निळ्या शाईत, बुटक्या अक्षरात लिहिलं होतं:

बाथरूमला कडी आहे, बाहेरून.
आत मी आणि बारा फरश्या.
अकरा धड, एक फुटकी.
फुटकीवर बसत नाही, ती टोचते.
उजाडलं की आधी नळ दिसतो,
मग मी.

समासात अर्धवट पुसलेला शेरा अजून वाचता येत होता. 'बाहेरची कडी ही प्रतिमा फार प्रभावी. शेवट संयत. दहापैकी नऊ.'

आई खाली बसली. मग लेकीने सांगायला सुरुवात केली ती थांबेचना.

कविता होती कुजबुजची. ही मुलगी इतकं हळू बोलायची की वर्गाने तिला हेच नाव ठेवलं होतं. आईबाप नोकरीसाठी लांबच्या गावी, आणि ही काका-काकूंकडे. लेकीला कविता आवडली, तिने ती वर्गात वाचली. मुलांनी सवयीप्रमाणे हात वर केले. एक म्हणाला, कडी म्हणजे समाजाची बंधनं. दुसरी म्हणाली, बारा फरश्या म्हणजे वर्षाचे बारा महिने, आणि फुटकी म्हणजे परीक्षेचा महिना. वर्ग खदखदून हसला. लेकही हसली. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, बाई, पण बाहेरून कडी लावतं कोण?

"मी काय सांगितलं माहितीये?" लेक म्हणाली. "ते कवितेत दिलेलं नाही. कवितेबाहेर जायचं नाही. आणि ती माझ्याकडे बघत होती गं. पूर्ण तास."

नाव कुणी घेतलं नव्हतं, पण शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीने अक्षर ओळखलं होतं. तिने घरी जाऊन कौतुकाने सांगितलं. तिची आई दुकानात कुजबुजच्या काकांना भेटली आणि तिने त्यांचं अभिनंदन केलं. पुतणी कवयित्री निघाली हो तुमची, बाथरूमवर कविता केलीय, नऊ मार्क मिळाले.

दुसऱ्या दिवसापासून कुजबुज शाळेत आली नाही. आठवड्याने काका दाखला मागायला आले. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, पुतणीला घरीच शिकवू म्हणाले. लेकीने मुख्याध्यापकांसमोर वही ठेवली. त्यांनी कविता वाचली, समासातला शेराही वाचला आणि वही मिटली. म्हणाले, "अहो बाई, कवितेतला मी म्हणजे कवी नव्हे, हे तुम्हीच पालकसभेत सांगता ना? मग आता कसा झाला?" शेरा पेन्सिलनेच लिहिलाय, पुसला जाईल, असंही ते उठता उठता म्हणाले.

बुधवारी शाळा सुटल्यावर लेक त्या घरी गेली. काकांनी दारातच पाणी दिलं. मुलगी झोपलीय, म्हणाले. लेकीने हात धुवायचे म्हणून बाथरूम विचारलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

"कडी बाहेरून आहे," लेक म्हणाली. "आतून काहीच नाही. मी फरश्या मोजल्या."

आईने किती ते विचारलं नाही. निघताना काका फाटकापर्यंत पोचवायला आले होते आणि हसत म्हणाले होते, बाई, तुम्ही वाचून दाखवलीत म्हणून आम्हाला कळलं हो, नाहीतर ही पोर काय काय लिहिते ते कुठे कळणार.

आता आईला चार दिवसांच्या ताटांचा हिशोब लागला. चहावर साय धरली होती. तिने विचारलं, अजून कुणाला सांगितलंस? लेकीने नकारार्थी मान हलवली.

"मी तोंड उघडलं की तिला भोगावं लागतं. एकदा बोलले, काय झालं बघितलंस ना?"

"तू बोललीस कुठे? तू मार्क दिलेस."

हे लेकीला जरा जास्तच लागलं. आईला वाटलं जीभ आवरायला हवी होती, पण शब्द परत घेतला नाही. लेक खालच्या आवाजात म्हणाली, आणि तक्रार केली, माणसं चौकशीला आली, चहा पिऊन परत गेली तर? त्या रात्री ती तिथेच असणार. त्या घरात. आणि काकांना बरोबर कळणार कुणी सांगितलं ते.

या भीतीत खोटं काहीच नव्हतं. आईला ते चांगलं ठाऊक होतं. कॉलेज पुरं करून ती हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर लागली ती एकतीस वर्षांनी उठली. नाव, वय, पत्ता, इजेचं कारण. लहान मूल असलं की कारण सांगायचं ते आणणाऱ्या मोठ्या माणसाने, आणि खिडकीवरच्या बाईने ते लिहून घ्यायचं. घसरून पडली. एका मुलीसाठी आईने हे एका वर्षात चार वेळा लिहिलं होतं. चौथ्या वेळी ती मुलगी खिडकीच्या कठड्यावर हनुवटी टेकवून आईच्या पेनाकडे बघत उभी होती. आईने पॅडवरचा कागद फाडून दिला, पुढच्या खिडकीचा नंबर सांगितला आणि पुढचा माणूस घेतला. पाचव्यांदा ती मुलगी आली नाही. का आली नाही, हे आईने कुणाला विचारलं नाही. तेव्हा तिची स्वतःची मुलगी पाळण्यात होती, नोकरी नवी होती. आईने हे लेकीला कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही.

तिने स्वयंपाकघरातून मोबाइल आणला. मुलांच्या मदतीसाठीचा नंबर शाळेच्याच डायरीत मागच्या पानावर छापलेला होता, प्रार्थनेच्या आणि सुट्ट्यांच्या यादीच्या खाली.

"नाव विचारतील," लेक म्हणाली.

"विचारू देत."

"तुला कसं कळलं, हेही विचारतील. मग माझं नाव येणार. वर्गात वाचल्याचं येणार. आई, माझी नोकरी जाईल."

आईने यावर विचार केला. नोकरी जाईल, निदान वर्षभर चौकशी तरी लागेल. मुख्याध्यापक आधी हात झटकतील. पेपरात आलं तर शेजारीण दोन दिवस तोंड चुकवेल आणि तिसऱ्या दिवशी सगळं विचारायला येईल. आणि एवढं करूनही ती पोर त्या घरातून बाहेर निघेल याची हमी कुणी देणार नव्हतं. लेकीची नोकरी वाचेल असं एखादं वाक्य सापडतंय का, हे आईने खरोखर शोधून पाहिलं. निनावी बोलावं, त्या घराच्या शेजारून बोलतेय म्हणावं. पण शेजारणीला वही कुठून दिसणार? बाथरूमच्या कडीबद्दल तिला कोण सांगणार?

"जाऊ दे गेली तर," ती म्हणाली. "एकदा जाऊन विचारलं, तेवढ्यावर परत येऊ नका, हेही सांगेन. दहादा सांगेन. त्यांनी कंटाळून फोन ठेवला तर उद्या परत लावेन."

लेकीने खोडरबर टेबलाच्या कडेला ठेवला, तो खाली पडला, तिने उचलला नाही.

"त्या घराचा पत्ता सांग," आई म्हणाली. "मजल्यासकट."

लेकीने भिंतीकडे बघत पत्ता सांगितला. आईने तो दोनदा पुन्हा म्हणवून घेतला, कारण वय झाल्यापासून ऐन वेळी तिच्या डोक्यातून आकडे निसटायचे, आणि आज एकही निसटून चालणार नव्हता. मग चष्मा लावून तिने डायरीतला नंबर एकेक आकडा बघत दाबायला घेतला.