मोबाइलवर ऐका म्हणे

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर होते. निवृत्त होईपर्यंत त्या प्रेसने त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली आणि कानही जवळजवळ नेले. बाकीच्या बोटांची कातडी इतकी निबर झालीय, की मोबाइलच्या काचेला त्यांचा स्पर्श धड कळत नाही. एकाला फोन लावायला जातात, तर दुसऱ्यालाच लागतो. म्हणून सांगवीच्या घरी मी त्यांना कॉम्प्युटरवर गाण्यांचं ॲप आणि जाडजूड हेडफोन लावून दिले. माउस त्यांना छान जमतो. सकाळचा चहा झाला की ते कव्वाल्या लावून बसतात. हेडफोनमुळे त्यांना एकेक शब्द ऐकू येतो आणि आईचीही मोठ्या आवाजातून सुटका होते.

कॉम्प्युटर जुना आहे. नवीन सिस्टिम त्यावर चालणार नाही असं सांगण्यात आलं, तेव्हा चांगलं चालणारं यंत्र भंगारात द्यायला माझं मन होईना. मी त्यावर लिनक्स टाकलं. फुकटातली सिस्टिम, पण कॉलेजपासून माझ्या हातातली. बरेच दिवस सगळं सुरळीत होतं.

एका रविवारी मी वाकडच्या माझ्या घरून त्यांच्याकडे गेले, तर पप्पा नुसतेच खुर्चीत बसलेले. हेडफोन टेबलावर.

"गाणी नाही लावली?"

"बंद पडलंय गं. माझ्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं असणार."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. तू दमून येतेस, म्हटलं कशाला सांगा."

मी ॲप उघडलं. खिडकी आली, क्षणभर काळी राहिली आणि नाहीशी झाली. ना सूचना, ना कारण. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. म्हणजे हा माणूस इतके दिवस सकाळी उठून तेवढंच बघत होता आणि दोष स्वतःला देत होता. माझं डोकं तिथेच तापलं.

ॲप काढून पुन्हा टाकलं. साठलेल्या जुन्या फाइली पुसल्या. फरक नाही. मग कंपनीच्या मदतकक्षाशी चॅट सुरू केलं. समोरचा माणूस फार नम्र होता. कॉम्प्युटर बंद करून चालू केलात का? केला. ॲप काढून पुन्हा टाकलंत का? टाकलं. मग त्याने लिहिलं, "लिनक्सच्या ॲपसाठी आम्ही मदत देत नाही. आपण मोबाइलवर गाण्यांचा आनंद घेऊ शकता."

"माझ्या वडिलांना मोबाइल वापरता येत नाही. हाताला इजा झालेली आहे," मी लिहिलं.

"आपली अडचण आम्ही समजू शकतो. मोबाइलवर ॲप अतिशय सोपं आहे."

माझं वाक्य त्याने वाचलंच नव्हतं. किंवा वाचलं असेल, पण पुढचं उत्तर त्याला आधीच ठरवून दिलेलं असणार.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडून एक खराब पार्ट गेला, तर गिऱ्हाईकाच्या लाइनवर जाऊन उभं राहावं लागतं. चूक कुठे झाली, का झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे लिहून द्यावं लागतं. "तुम्ही दुसरी गाडी वापरा" असं मी तिथे म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी नोकरी राहिली नसती. आणि ही गाण्यांची कंपनी वर्गणी तर सगळ्यांकडून सारखीच घेते.

कंपनीच्या चर्चेच्या पानावर हीच तक्रार कितीतरी लोकांनी केली होती. खाली कुणीतरी 'माझ्याकडे चालतंय' असं लिहून गेलेलं आणि त्यावर 'प्रश्न सुटला' असा शिक्का मारून चर्चा बंद. सुटला कुणाचा? पप्पांचा तर नव्हता.

शेवटी मी टर्मिनल उघडलं, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, आणि ॲप तिथून चालवलं. तिथे निदान ॲप मरताना काय बडबडतं ते दिसतं. ओळींमागून ओळी आल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ असा, की ग्राफिक्सचं काम चालत नाहीये, आणि पुढे चक्क 'गुडबाय'. मागच्या अपडेटपासून ॲप चित्रं रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकायला बघत होतं आणि पप्पांच्या जुन्या कार्डाला ते झेपत नव्हतं. गाणी ऐकायला चित्रं कशाला लागतात देव जाणे.

ग्राफिक्स कार्डाला हात लावू नकोस, असं सांगणारा एक शब्द मी त्या कमांडच्या मागे जोडला. खिडकी उघडली. काळी झाली. मग गाण्यांची यादी आली आणि तिथेच राहिली.

"पप्पा, या बघू."

त्यांनी हेडफोन चढवले, माउस फिरवला, कव्वाली लावली. थोडा वेळ मान हलवत ऐकलं, मग हेडफोन एका कानावरून सरकवून म्हणाले, "मग माझी चूक काय झाली होती?"

"तुमची काहीच चूक नव्हती. त्यांची होती."

"असं होय," ते म्हणाले. त्यांना ते पटल्यासारखं दिसलं नाही. आयुष्यभर कारखान्यात मशीन बिघडलं की साहेब लोक आधी चालवणाऱ्यालाच जाब विचारायचे, त्याची ही सवय.

तो शब्द मी डेस्कटॉपवरच्या चिन्हामागेच कायमचा लिहून ठेवला, म्हणजे त्यांना नुसतं क्लिक करायचं. ॲपचं आपोआप अपडेट होणंही बंद केलं. उपाय त्या चर्चेच्या पानावर टाकायला गेले, तर चर्चा बंद असल्यामुळे लिहिताच येईना. मी नवीन चर्चा उघडून सगळं लिहिलं. जर्मनीतल्या कुणीतरी आभार मानले. कंपनीकडून मात्र एक मेल आला. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, पाच चांदण्यांपैकी निवडा. मी एक निवडली आणि खालच्या चौकटीत पप्पांच्या हाताबद्दल, प्रेसबद्दल आणि त्या वाया गेलेल्या सकाळींबद्दल मराठीत सविस्तर लिहिलं. कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. तरी लिहिलं.