खमीसच्या घाटात तारा लावलेला शब्द

रियाधमधल्या अल सुलैच्या गोदामातून औषधांचा ट्रक निघाला, तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये गॅस मास्कचे दोन डबे होते. कुवेतवरून युद्ध पेटलं होतं, रियाधवर इराकची क्षेपणास्त्रं येत होती, आम्ही दक्षिणेला खमीस मुशैतला चाललो होतो, आणि मला मात्र शाळेची सहल निघाल्यासारखं वाटत होतं. गाडी चालवणारे इस्माईलचाचा राजापूरचे, चौथी पास. मी चिपळूणचा, घराण्यातला पहिला बी.ए., गोदामाचा स्टोअरकीपर.

वाटेत मी त्यांना भाषाशास्त्र ऐकवलं. आपल्या 'गिरी'चा भाऊ पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांच्या आदिभाषेत होता : 'गोरा', म्हणजे डोंगर. तो कुठे लिहिलेला नाही. आजच्या भाषा ताडून विद्वानांनी तो उभा केला, म्हणून पुस्तकात त्याच्या आधी तारा (*) छापतात.

"कोणी लिहिला नाय, कोणी ऐकला नाय. तुझ्या मास्तराच्या काय स्वप्नात आला?"

पैज लागली. खमीसच्या हॉस्पिटलात एक बल्गेरियन डॉक्टर होता, म्हणजे स्लावच. तो डोंगराला 'गोरा' म्हणाला, तर चाचा मेसमध्ये सगळ्यांसमोर मला 'बी.ए.साहेब' म्हणणार. नाहीतर मी पुन्हा डिग्रीचं नाव काढायचं नाही.

चेकनाक्यावर सैनिकाने इकामा (राहण्याचा परवाना) पाहिला आणि चाचांचा डबा उघडला. आत सुके बोंबील! तो नाक दाबून मागे सरला. "यल्ला, यल्ला!" म्हणजे निघा, निघा.

"मास्क कुठाय?" मी विचारलं.

"सीटखाली. बोंबलांना हवा लागली तर?"

खमीसला डॉक्टर आमच्याच ट्रकमध्ये चढला. घाटातल्या दवाखान्यात त्याला औषधं पोचवायची होती. समोरच्या डोंगराकडे बोट करून मी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"प्लानिना."

चाचांनी स्टिअरिंगवर ताल धरला.

"आणि गोरा?"

"गोरा म्हणजे जंगल."

"खलास!" चाचा खिदळले.

तेवढ्यात वळण आलं. अख्खा डोंगर अरारच्या (सुरूसारख्या काळपट हिरव्या झाडांच्या) रानाने भरलेला. डॉक्टरने काच खाली करून आरोळी ठोकली, "गोरा!"

चाचांनी ब्रेक दाबला. बराच वेळ बघत राहिले.

"माझी आय लाकडांना रानात जायची," ते म्हणाले. "कोणी विचारलं की आम्ही सांगायचो, आय डोंगरात गेलीय."

"मग?"

"मग काय! डोंगर नि रान एकच की रे. जिंकलास तू!"

मी त्या थंडीत खाली उतरून चक्क नाचलो. डॉक्टरला काही कळलं नाही, तरी तोही नाचला.

रियाधला परतलो त्या संध्याकाळी मेसमध्ये जेवताना हल्ल्याचा भोंगा झाला. मास्क चढवायच्या आधी चाचा सगळ्यांसमोर गरजले, "बी.ए.साहेब, इथे बसा!"

बसलो. पण माझ्या डिग्रीला जे सिद्ध करता आलं नसतं, ते त्यांच्या आईच्या लाकडाच्या भाऱ्याने केलं होतं. सरकून मी त्यांना खिडकीपासून लांबची, भिंतीकडची सुरक्षित जागा दिली.