मेथी निवडताना विचारलेलं

सुनंदा मेथी निवडायला बसली की त्या वासाने मला वीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते. अंबडच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून मी दारात आलो होतो. आत मायलेकी मेथी निवडत होत्या.

"आज काय छान वाटलं? काय टोचलं?" सुनंदा हे रोज विचारायची आणि सातवीतली जुई भडाभडा बोलायची. मला पाहताच ती गप्प झाली.

"गणितात किती पडले?" मी विचारलं.

"अठरा."

"वीसपैकी? मग दोन कुठे गेले?"

त्या दिवशी बायकोचा मला फार हेवा वाटला.

आज जुईचा पुण्याहून फोन आला. तिने आईला तेच दोन प्रश्न विचारले. मी घाईने फोन मागून घेतला.

"बाबा, शुगर किती आली?"

"एकशे चाळीस," म्हणालो आणि फोन सुनंदाला परत दिला.